माझ्या चाकांखालची लिंबं

मित्रांनो, मी एक जुनी रॅलीची गाडी आहे. बुटकी, पांढरी, दोन दारांची, आणि कमरेला लाल पट्टा. बेंगळुरूजवळ आनेकलला एका थंडगार शेडमध्ये माझा मुक्काम असतो. अंगावर मऊ सुती चादर, एसी दिवसभर चालू, धुळीचा कण औषधालाही सापडायचा नाही. तुम्ही म्हणाल, मग हिची तक्रार कसली? तीच तर सांगते आहे.

मला घरी आणलं विश्वासरावांनी. ते पुण्याहून इथल्या एका सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून आले आणि बेंगळुरूच्या बनशंकरी भागात राहिले. त्यांनी मला कामावर नेलं, भाजीला नेलं, देवळात नेलं. मी कधी कुरकुरले नाही. त्यांचा मुलगा शंतनु माझ्यावरच गाडी शिकला. शिकता शिकता त्यानं मला शेजारच्या कंपाउंडला घासलं, आणि आवाज ऐकून शेजारच्या घरातून नयना बाहेर आली. पुढे तिच्याशीच त्याचं लग्न झालं. त्या ओरखड्याचं श्रेय कोणी मला दिलं नाही, ते जाऊ दे.

शंतनुला वेगाचं भारी वेड. त्यानं मला रॅलीत उतरवलं. तो चालवायचा आणि नयना डाव्या सीटवर बसून वाट सांगायची. "डावं वळण, एकदम आवळ. पुढे पूल आहे. आता उजवीकडे, स्वल्प सावकाश." तो म्हणायचा, "सरी." स्वल्प म्हणजे जरा, सरी म्हणजे बरं, ही इकडची कानडी. मी वळायचे. कॉफीच्या मळ्यांतून, लाल मातीतून, ओढ्यांतून आम्ही तिघं धावलो. चषक मिळाले. लोक माझ्या बॉनेटवर थाप मारून कौतुक करायचे. ते माझे खरे दिवस.

प्रत्येक रॅलीनंतर नयना म्हणायची, "पुढच्या वेळी मी चालवणार." तो म्हणायचा, "नक्की." मीही वाट पाहायचे. डाव्या सीटवरून ती कधीमधी गिअर टाकायची तेव्हा तिचा हात हलका लागायचा, गिअर कसा घालावा हे तिला न शिकवता कळायचं. पण ती पुढची वेळ काही आली नाही.

कारण शंतनुनं आनेकलला कारखाना काढला. गाडीतलं तेल गळू नये म्हणून लावतात ती रबराची सील बनवण्याचा. धंदा असा वाढला की विचारू नका. मग परदेशी गाड्या आल्या, एकीपेक्षा एक देखण्या. शंतनु त्या घेऊन ट्रॅकवर शर्यती करू लागला, आणि जुन्या गाड्याही जमवू लागला. कारखान्याच्या आवारातली ही शेड भरली. मी त्यात सगळ्यात पहिली, म्हणून मला मधोमध जागा मिळाली. मला वाटलं, चला, मान मिळाला.

डोंबलाचा मान. टायर एका जागी उभे राहून चपटे होऊ नयेत म्हणून मला जॅकवर उचललं आणि खाली लोखंडी घोड्या लावल्या. चाकं अधांतरी. पाहुणे आले की शंतनु चादर ओढायचा, माझं मीटर दाखवायचा आणि म्हणायचा, "बघा, शेवटच्या रॅलीनंतर हा आकडा हललेला नाही. गाडी अगदी तशीच आहे." पाहुणे माना डोलवायचे. मला सांगा, न चालल्याबद्दल गाडीचं कौतुक करतात का कुठे? शाळेत न गेल्याबद्दल तुमचं करतात का?

आणि माझ्या आत काय चाललं होतं? पेट्रोलचा डिंक झाला. ब्रेक गंजून धरले. रबराची सील वाळून तडकली. मित्रांनो, ज्या माणसाच्या कारखान्यातून दिवसाला पोती भरभरून सील बाहेर पडतात, त्याच्याच गाडीची सील वाळली. पण ते दिसत नाही ना. पॉलिश तेवढं दिसतं.

सगळ्यात जास्त राग मला खंडेनवमीला यायचा. इकडे तिला आयुधपूजा म्हणतात. त्या दिवशी गाड्या धुतात, झेंडूच्या माळा घालतात, केळीचे खुंट बांधतात, कोहळा फोडतात, आणि प्रत्येक चाकाखाली एकेक लिंबू ठेवतात. पूजा झाली की गाडी पुढे घ्यायची, लिंबं चिरडायची, म्हणजे वर्षभर तिला काही होत नाही. शेडमधल्या सगळ्या गाड्या घुर्रर्र करून पुढे जायच्या. माझ्याही चाकांखाली लिंबं ठेवायचे. पण माझी चाकं हवेत. खाली लिंबू, वर टायर, मधे वीतभर वारा. मग शेडची देखभाल करणारा मल्लाप्पा ती अख्खी लिंबं उचलून न्यायचा आणि पाहुण्यांसाठी त्यांचं सरबत व्हायचं. नयना ते सरबत कधीच प्यायली नाही.

यंदा तर कहर झाला. शंतनुनं कारखान्याच्या दारात काचेची खोली बांधली. दसरा झाला की मला तिथे नेणार, इंजिन उतरवून ठेवणार आणि चाकं कायमची चौथऱ्याला बोल्टनं आवळणार. पूजेला जमलेल्या पाहुण्यांना तो हे हौसेनं सांगत होता. माझा जीव नुसता कासावीस झाला. म्हणजे संपलं. ती पुढची वेळ आता कधीच येणार नाही.

तेवढ्यात नयना म्हणाली, "शंतनु, यंदा हिची लिंबं फुटली पाहिजेत."

"अगं, ती घोड्यांवर आहे."

"मग उतरव. इंजिन काढायच्या आधी एकदा मला चालवायची आहे. तू कबूल केलं होतंस."

"आत्ता? सगळ्यांसमोर?"

"तूच सांगतोस ना सगळ्यांना, गाडी अगदी तशीच आहे म्हणून?"

शंतनु हसला. मल्लाप्पानं जॅक लावला, घोड्या काढल्या आणि मला जमिनीवर टेकवलं. माझ्या टायरांना जमीन लागली, आणि मित्रांनो, मला रडू यायचं बाकी होतं. लिंबं चाकांपुढे ठेवली. नवी बॅटरी जोडली. नयना पहिल्यांदाच उजव्या सीटवर बसली. तिनं किल्ली फिरवली.

टक्. एवढाच आवाज झाला. तिनं पुन्हा सेल्फ मारला. टक्. इंजिन आतून जाम झालं होतं. मी जीव तोडून प्रयत्न केला, पण काय करणार? मला स्वतःचीच चीड आली, आणि त्याहून जास्त त्या चादरीची.

"बंद पडली वाटतं," शंतनु पुटपुटला.

"पडली नाही," नयना म्हणाली. "तू बंद ठेवलीस. मलाही तेवढंच सांगत राहिलास, पुढच्या वेळी, पुढच्या वेळी."

मल्लाप्पा हळूच म्हणाला, "अक्का, उतरा. मी लिंबं बाजूला करतो."

"राहू देत," ती म्हणाली. उतरली मात्र नाही. तिनं गिअर सुटा केला आणि स्टिअरिंग धरून समोर बघत बसली.

मग शंतनुनं रेशमी कुर्त्याच्या बाह्या वर सारल्या, मागे आला आणि माझ्या डिकीला खांदा लावला. ब्रेक धरलेले होते, मी हलेना. मल्लाप्पा धावत आला, त्यानंही जोर लावला. मी करकरले, आणि मग एकदम सुटले. लिंबं फुटली. चारही. त्यांचा रस माझ्या टायरांना लागला. शेडच्या दारापर्यंत, मग दाराबाहेर, कारखान्याच्या रस्त्यावर उन्हात आले मी. शंतनु ढकलत होता, धापा टाकत होता, आणि मागून सांगत होता, "उजवीकडे घे. स्वल्प सावकाश."

"सरी," नयना म्हणाली.

गेटपाशी आम्ही थांबलो. आता मी बेंगळुरूतल्याच शिवाजीनगरच्या एका गॅरेजात आहे, इंजिन उघडं टाकून. ते पुन्हा चालेल का, हे अजून कोणी छातीठोकपणे सांगत नाही. काचेची खोली रिकामी आहे.

मित्रांनो, तुमच्या घरातही जपून ठेवलेलं काहीतरी असेल. सायकल असेल, पेटी असेल, कोणाला दिलेला शब्द असेल. ते बाहेर काढा आणि वापरा. झिजलं तर झिजू दे. झिजलेलं दुरुस्त होतं.

त्या दिवशी गेटपाशी शंतनुनं घाम पुसत खिडकीतून आत डोकावून पाहिलं. मीटरवरचा शेवटचा आकडा पुढे सरकला होता. इतकी वर्षं त्यानं जपलेला. त्यानं नयनाकडे पाहिलं आणि विचारलं, "अजून थोडं ढकलू?"