दोन खिळ्यांची फळी

मित्रांनो, मी कांदे-बटाटे चिरायची एक जुनी लाकडी फळी आहे. माझ्या अंगातून दोन खिळे टोकं वर करून उभे आहेत, म्हणून नवखा माणूस मला पाहून आधी दचकतो. माझं घराणं काही मोठं नाही. मी एका मोडक्या कपाटातला कप्पा होते. ही टोकं मला एका सायकल दुरुस्त करणाऱ्याने दिली, आपल्या बायकोसाठी.

ती शिंपीण होती. पंचावन्नाव्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला आणि डावा हात कायमचा लुळा पडला. एके सकाळी ती बटाटा चिरायला गेली. तो निसटून ओट्याखाली गडगडत गेला आणि ती तिथेच जमिनीवर बसून रडली. नवऱ्याने ते पाहिलं. त्या दिवशी त्याने दुकान लवकर बंद केलं. मला रंधा मारला, खालून न गंजणारे दोन खिळे ठोकले, पाव अडवायला कोपऱ्यावर पट्ट्या बसवल्या आणि मी सरकू नये म्हणून पोटाला ट्यूबचे तुकडे चिकटवले. खिळ्यांवर बटाटा खोचला की तो हलत नाही. मग एका हाताने खुशाल चिरा.

पण गडी सायकलचा, सुतारकामाचा नव्हे. एक खिळा तिरका आला. तो बघून ती म्हणाली, "अहो, हा तुमच्यासारखाच मान वाकडी करून बघतोय." आजारपणानंतर ती हसली ती त्या दिवशी पहिल्यांदा.

लुळ्या हाताला ती जाऊबाई म्हणायची. नुसती शेजारी बसून असते, कामाला हात लावत नाही आणि वर मान राखावा लागतो, असं आल्यागेल्याला सांगायची. बरणी ती ड्रॉवरमध्ये अडकवून पोटाने दाबून धरायची आणि मग झाकण फिरवायची. एकदा झाकण एकदम सुटलं आणि निम्मी साखर नवऱ्याच्या चपलांत गेली. एका हाताने अंडं फोडायला शिकताना तिने कवचासकट आम्लेट केलं. नवऱ्याने ते कुरकुर न करता खाल्लं. कुरकुर काय ती आम्लेटनेच केली.

अशी नऊ वर्षं गेली. मग एका थंडीत त्याच्या छातीत कफ भरला आणि आठ दिवसांत तो गेला. मुलगी येऊन आईला आपल्या घरी घेऊन गेली. कपड्यांच्या गाठोड्यात मीही होते.

मित्रांनो, ती मुलगी वाईट नव्हती, हे मी आधीच सांगून ठेवते. ती दवाखान्यात परिचारिका होती. भाजलेली माणसं तिने रोज पाहिली होती. नव्या घरात दुसऱ्याच आठवड्यात आईच्या हातून उकळतं पाणी सांडलं आणि पायावर फोड आले. मुलीने तिचे पाय मांडीवर घेऊन मलम लावलं, रडली आणि पुन्हा या गॅसजवळ जाणार नाही असं तिच्याकडून वचन घेतलं. मला तिने कपाटावर ठेवून दिलं.

आईने एकदाच विचारलं, "निदान कांदा तरी चिरू दे गं."

"कशाला आई? जन्मभर केलंस. आता बसून खा."

आई बसून खाऊ लागली आणि हळूहळू तिचं खाणं कमी झालं. मुलगी पहाटे उठून सगळं रांधून, झाकून कामावर जायची. दुपारी आई त्या झाकलेल्या ताटासमोर एकटी असायची. कपाटावरून मी ऐकत होते. महिनाभर तिच्या तोंडून एक चेष्टा बाहेर पडली नाही.

खालच्या मजल्यावर एक म्हातारी राहायची. तिने उभा जन्म टेलिफोन कार्यालयात काढला होता, म्हणून तिला सगळे ऑपरेटरबाई म्हणत. मधुमेहाने तिची दृष्टी गेली होती. एकदा जिन्यात दोघींची गाठ पडली. सुरी दिसत नाही म्हणून ही बाई रोज दूध-पावावर भागवते, हे शिंपिणीला कळलं. दुसऱ्या दिवशी तिने काठीने मला कपाटावरून पाडलं, पिशवीत घातलं आणि ती खाली उतरली. वचन वरच्या गॅसचं होतं, खालच्या नव्हे, अशी तिने मनाची समजूत घातली.

मित्रांनो, तिथे मला माझे दिवस परत मिळाले. ऑपरेटरबाई दोन्ही हातांनी चाचपून सोलायची, शिंपीण एका हाताने चिरायची आणि दोघींचं काम एकीच्या डोळ्यांवर चालायचं. "आंधळं दळतंय आणि थोटं चिरतंय," ऑपरेटरबाई म्हणायची, "आता कुत्र्याने खायचं तरी काय?" रस्सा खारट झाला तर राँग नंबर, जमला तर लाइन लागली. हसून हसून डोळ्यांना पाणी यायचं आणि दोष कांद्यावर जायचा. वास दरवळला की समोरचा मास्तर वाटी घेऊन यायचा, जिना झाडणारी बाई पायरीवर बसून जेवायची. चार वाजता शिंपीण हात धुऊन वर जाऊन खुर्चीत बसायची. मी खालीच राहायचे.

मुलीला सांगून टाक, असं ऑपरेटरबाई तिला कितीदा तरी म्हणाली.

"माझ्या पायावरचे फोड बरे झाले," शिंपीण म्हणायची, "तिच्या मनातले अजून नाही झाले. थोडे दिवस जाऊ दे."

त्या थोड्या दिवसांची दोन वर्षं झाली. एका दुपारी ती आलीच नाही. ऑपरेटरबाई बटाटे सोलून वाट बघत बसली. वर माणसांची धावपळ ऐकू आली. दुसरा झटका होता, त्यात शिंपीण गेली. सोललेले बटाटे माझ्याशेजारी काळे पडले.

आठवड्याने ऑपरेटरबाई मला काखेत धरून, भिंत चाचपत वर गेली. मास्तर आणि झाडणारी बाई भेटायला आलेले होते. मास्तर म्हणत होता की तुमच्या आईच्या हाताला चव होती. मुलगी दमलेल्या आवाजात म्हणाली, "तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. आई स्वयंपाक करत नव्हती."

मग ऑपरेटरबाईने मला मुलीच्या मांडीवर ठेवलं आणि पहिल्या दिवसापासून सगळं सांगितलं. मुलगी माझ्या वाकड्या खिळ्यावरून बोट फिरवत ऐकत राहिली.

"हसायची?" तिने विचारलं.

"रोज."

"मला वाटलं, बाबा गेले आणि तिचं हसणं गेलं." मग म्हणाली, "तिच्या हातचं सगळ्यांनी खाल्लं. मीच तेवढी राहिले."

आता सुट्टीच्या दिवशी मुलगी खाली येते. ऑपरेटरबाई चाचपत सोलते, मुलगी माझ्यावर चिरते. परवा म्हातारीने गॅस पेटवायला हात पुढे केला. मुलीचाही हात झटकन पुढे गेला, अर्ध्यावर थांबला आणि मागे आला. ज्योत लागली. मुलगी ओट्याकडे पाठ करून कितीतरी वेळ उभी राहिली.

मित्रांनो, माझं लाकूड आता झिजलंय आणि माझे दिवस थोडे राहिलेत. आपल्या माणसाला जरूर जपा. त्याच्या जवळ उभे राहा, सांडलं तर पुसा. पण जपता जपता त्याच्या हातातली सुरी काढून घेऊ नका. आणि त्याने रांधलेलं त्याच्या शेजारी बसून, गरम आहे तोवर खा.