तोच तास, दुसऱ्यांदा
"वहिनी, आज कुठल्या शाळेच्या पाहुण्या?" नणंदेनं विचारलं.

"पुलापलीकडच्या. आणि आज पाहुणी नाही, परीक्षा आहे माझी."

खरंच होती. तिथल्या विज्ञानाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर निघाल्या होत्या. त्यांचा आठवीचा वर्ग वर्षअखेरपर्यंत कुणाला द्यायचा, हे मुख्याध्यापिका आज वहिनीच्या एका तासाला बसून ठरवणार होत्या. रजेवरच्या शिक्षकांच्या जागी आज इथं, उद्या तिथं शिकवून ही बदलीबाई थकली होती. तिला एक वर्ग आपला म्हणून हवा होता.

एका दिवसाच्या बाईला पुस्तक कुठवर आलंय ते ठाऊक नसतं. म्हणून कुठंही खपेल असा एक तास तिनं बेतून ठेवला होता: मातीचा गोळा पाण्यात बुडतो, त्याच मातीची वाटी तरंगते. परात, पाणी, चिकणमाती, सगळं पिशवीत. हा तास कधी फसला नव्हता.

मुख्याध्यापिका शेवटच्या बाकावर बसल्या. गोळा बुडाला. "अरेरे! आता काय करायचं?" बाईनं नेहमीसारखा सुस्कारा सोडला.

"वाटी!" अख्खा वर्ग एका सुरात ओरडला.

"बाई, गेल्या वर्षी तुम्ही आम्हाला हेच दाखवलं होतं," पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली. "अरेरेसुद्धा असंच म्हणाला होतात."

वर्ग खिदळला. बाईच्या तोंडचं पाणी पळालं. इतक्या शाळा, इतके वर्ग. चेहरे एकमेकांत मिसळून गेले होते. पितळ उघडं पडलं, तेही नेमकं आज. पिशवीत दुसरं काही नव्हतं.

"चुकलंच माझं," ती म्हणाली. "बरं, घरी कुणी करून पाहिलं का?"

"मी. माझी बुडाली."

"बुडणारच! विटेएवढी जाड केली असशील," शेजारचा मुलगा म्हणाला.

"गप रे. पातळच होती. आधी तरंगली, जेवून येईपर्यंत तळाला."

का? बाईला माहीत नव्हतं. एरवी तिनं घंटेपर्यंत वेळ मारून नेली असती. मग ती पोरं कुठं, आपण कुठं. आज तिनं प्रश्न फळ्यावर लिहिला. "मलाही ठाऊक नाही. करा अंदाज."

"भोक पडलं असेल."

"माती पाणी पिते, बाई."

"मांजरानं ढकलली!"

मग एक जाड वाटी झाली, एक पातळ. तिसरीला बाहेरून काहीतरी चोपडायचं ठरलं, तेव्हा एकीनं दप्तरातून ओठांच्या मलमाची डबी काढली. शाळेत त्याला बंदी होती. मुख्याध्यापिका खिडकीबाहेर बघू लागल्या.

घंटा झाली तरी तिन्ही तरंगत होत्या आणि कुणी उठायला तयार नव्हतं.

"राहू देत तशाच. उद्या बघू," बाई बोलून गेली, आणि तिनं जीभ चावली. उद्याची हमी तिला कुणी दिली होती?

व्हरांड्यात मुख्याध्यापिकांनी तिला गाठलं. "पहिल्या दहा मिनिटांत मी तुम्हाला नापास केलं होतं. तेच दळण दोनदा!"

"हो, मॅडम."

"नंतरचा तास मात्र तुम्हालाही नवा होता. परात खिडकीत ठेवा, नाहीतर झाडलोट करताना कुणीतरी ओतून देईल. आणि उद्यापासून पहिल्या घंटेआधी येत जा. हजेरी वर्गशिक्षिकेनंच घ्यायची असते."

बाई परात हलवायला वर्गात परतली, तर चार डोकी आधीच परातीवर वाकलेली.

"बाई, लवकर! पातळ वाटी कलली एका बाजूला!"

"हात लावू नका कुणी," ती म्हणाली, आणि स्टूल ओढून त्यांच्यात बसली.