डावीकडची जागा

"अजून थोडं मागे," सासऱ्यांनी हातानं खूण केली. तिनं आरशात बघत गाडी मागे घेतली. ट्रेलरची चाकं उतारावरून पाण्यात गेली आणि होडी आवाज न करता सुटून तरंगायला लागली. तरंगली, आणि उजवीकडे कलली.

होडी तिच्या नवऱ्यानं आखलेली. जेवणाच्या टेबलावर कागद पसरून त्याचं एकच चाललेलं असायचं: साध्या गाडीमागं ओढून नेता आली पाहिजे, डोलकाठी एकट्यादुकट्याला उभी करता आली पाहिजे, तळातून पाण्यात सोडायची पाती वर ओढली की गॅरेजमध्ये मावली पाहिजे. सासरे सुतार, लाकूडकाम त्यांचं. शिडं तिनं शिवली. रंगाचा शेवटचा हात द्यायचा राहिला होता, तेव्हा तो ऑफिसच्या जिन्यात छातीत कळ येऊन गेला.

तेव्हापासून होडी ताडपत्रीखाली होती. संध्याकाळी गॅरेजमधून करकर ऐकू यायची, कुणीतरी बूड हलवून नीट बसावं तशी. लाकूड सुकताना वाजतंच, असं सासरे म्हणायचे. पण आवाज आला की त्यांचाही घास हातात राहायचा. शेवटी तिनंच विकायचं काढलं. ते नाही म्हणाले नाहीत.

घ्यायला आलेले पोहण्याचे शिक्षक धक्क्यावर बायकोसोबत उभे होते. दोर बांधून झाल्यावर त्यांनी विचारलं, की बांधणीत काही चुकलंय का. सासऱ्यांचा चेहरा उतरला. त्यांच्या हातची साधी खिडकीसुद्धा कधी तिरकी बसली नव्हती.

"उजवीकडे कुणी बसल्यासारखं वाटतंय," शिक्षकांची बायको हळूच म्हणाली.

सून सासऱ्यांच्या मागोमाग होडीत उतरली. त्यांनी तळाच्या फळ्या उचलल्या. खाली वजनासाठी ठेवलेल्या शिशाच्या विटा होत्या, आणि बऱ्याचशा मध्यरेषेच्या उजव्या बाजूला. आराखड्यात तसंच होतं, ते म्हणाले. त्यांनी पोराला तेव्हा विचारलंही होतं. पाण्यात गेल्यावर कळेल, एवढंच तो हसून म्हणाला होता.

ती विटांकडे बघत राहिली. मग तिनं सुकाणूजवळच्या डाव्या बैठकीकडे पाहिलं.

त्याला डाव्या कानानं ऐकू यायचं नाही. म्हणून टेबलाशी, सोफ्यावर, लग्नाच्या फोटोतसुद्धा तो डावीकडे. बोलणारं माणूस उजव्या हाताला हवं. होडी चालवतानाही तो तिथेच बसणार होता आणि ती मध्ये, डोलकाठीपाशी. उजवीकडे ठेवलेलं शिसं त्याच्या अंगाच्या वजनाला तोल म्हणून होतं. होडीत काहीच जास्तीचं नव्हतं. एक माणूस कमी होता.

तिनं हे सासऱ्यांना सांगितलं. त्यांनी एका विटेवर हात ठेवला.

शिक्षकांनी वरून विचारलं, की विटा हलवता येतील का. येतील की, सासरे म्हणाले, त्यात काय. पण त्यांचा हात काही वीट उचलेना.

"बाबा, द्या इकडे," ती म्हणाली.

पहिली तिनंच उचलली आणि पलीकडे सरकवली. मग दुसरी. पुढच्या ते काढून देत गेले आणि ती लावत गेली. होडीच्या मधोमध गुडघे टेकून दोघं एकमेकांकडे न बघता काम करत होते. पाणी स्थिर होतं. शेवटची वीट जागेवर गेली तशी वर उचललेली डावी बैठक हळूहळू खाली आली. दमून घरी आलेलं माणूस टेकावं, तितक्या सावकाश. लाकूड एकदा करकरलं.

दोघांचेही हात थांबले.

"नीट बसली का हो होडी?" शिक्षकांनी विचारलं.

"बसला," सासरे म्हणाले.

तिनं ऐकलं, आणि एकेक करून फळ्या परत लावल्या. धक्का डाव्या अंगाला होता, त्या बैठकीवर पाय देऊन वर चढणं सोपं होतं. सासऱ्यांनी तिला हात दिला, आणि दोघं होडीच्या पुढच्या टोकापर्यंत जाऊन तिथून वर चढले.