सात गळ्यांवर जुळवलेला कान

मी किती बहिरा झालो होतो म्हणता? बोटीचा भोंगा वाजला की वाटायचं, डास आला. पंचवीस वर्षं कानात असलेलं यंत्र गेल्या उन्हाळ्यात स्वतःची सगळी जुळवणी विसरलं. आमच्या क्लापाचा, म्हणजे सातजणांच्या गाणाऱ्या चमूचा, म्होरक्या प्रोश्पेर म्हणाला, "लुक्षा, संत रोकोच्या सणाला तू खुर्चीत बस. आम्ही सहाजण गाऊ."

चाळीस वर्षं त्या सातांत मी उभा. वाद्य नाही, नुसते गळे. नवी यंत्रं लावून पाहिली. त्यांत बोलणं स्वच्छ येतं, पण गाणं म्हणजे डब्यात हलवलेले खडे.

शेवटी कानयंत्रं दुरुस्त करणाऱ्या येल्काकडे गेलो. माझं यंत्र तिच्या बापाने जुळवलेलं. ज्या संगणकावर जुळवलं, तो कधीच मेला होता.

"मेला, पण पुरला नाही," येल्का माझ्या कानात ओरडली, म्हणजे अख्ख्या बंदराला कळलं. "त्याची डिस्क जशीच्या तशी उतरवून घेतलीय. आता तो या नव्याच्या पोटात राहतो. त्याला अजून सत्त्याण्णव सालच वाटतंय."

तिने बापाची जुळवणीची पेटी एका जोडवायरने नव्या संगणकाला लावली. पडद्यावर आलं : पेटी सापडत नाही.

"पोर्ट बाहेरच्या नव्या संगणकाने धरून ठेवलाय. त्याने सोडला तर आतल्या जुन्याला मिळेल."

"आमच्या घरी रिमोटचं असंच आहे."

"काका, गप्प बसा."

बाहेरच्याने सोडला. आत माझं नाव निघालं, जुनी जुळवणीही. पण दरम्यान कान म्हातारे झालेले. सगळं भिंतीपलीकडून आल्यासारखं. तपासणीच्या शिट्ट्या वाजवून गाण्याचा कान जुळत नाही, म्हणून मी सहाही जणांना बोलावलं. दुकानं बंद करून आले बिचारे.

"या पेटीपुढे गायचं?" प्रोश्पेर म्हणाला. "उद्या फ्रिजपुढे उभं करशील."

"तुला केलं तर दूध नासेल."

खांद्यांवर हात टाकून त्यांनी टेबलाभोवती अर्धवर्तुळ धरलं. ते गात होते, येल्का पेटीवर आवाजाचं एकेक घर वाढवत होती. सातव्या घराला सगळं आलं : श्वास, ओठ, खिडकीबाहेरची लाट. आणि प्रोश्पेर केसभर खाली गातो, बाकीचे पाचही त्याच्यामागे उतरतात, हेही आलं.

"काय, बसतंय का?" त्याने विचारलं.

"मध," मी म्हणालो. डोळे पुसले, माझा सूर केसभर खाली आणला, आणि सातव्या जागी जाऊन उभा राहिलो.