बंदूक कोणी उचलायची

माझ्या सुनेनं, मुग्धानं, लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि विचारलं, "आई, कारण काय टाकू?"

"कसलं कारण?"

"बंदूक कशासाठी हवी, ते. यात पर्याय दिलेत. स्वसंरक्षण, पिकांचं रक्षण, खेळ, वारसा."

"पूजेसाठी टाक."

"पूजा ऑप्शनमध्येच नाहीये."

मला काही उमगेना. ह्यांच्या वेळी कागदी अर्ज असायचा. हे शाईच्या पेनानं 'आयुधपूजेसाठी' एवढंच लिहायचे आणि कचेरीतला कारकून मान डोलवून शिक्का मारायचा. बंगळुरात आयुधपूजा कोणाला समजावून सांगावी लागत नाही. इथं रिक्षेलासुद्धा केळीचे खुंट बांधतात. मग यंत्रालाच का कळू नये?

बंदूक ह्यांच्या आजोबांची, एकनळी. आमची मंडळी इथं आली ती घोड्यावरून, असं सासरे सांगत. घोडे गेले, जमिनी गेल्या, ही तेवढी राहिली. हे, म्हणजे मल्हारराव, वारले तेव्हा परवाना ह्यांच्या नावावर होता, म्हणून बंदूक शिवाजीनगरच्या बंदुकीच्या दुकानात जमा करावी लागली. आता घरातल्या कोणी परवाना काढायचा, नाहीतर ती कायमची सरकारजमा. गेल्या खंडेनवमीला लाल कापडावर तलवार होती, कट्यार होती आणि मध्ये एक लांबट मोकळी जागा होती. पूजाभर मी त्या जागेकडेच पाहत राहिले.

माझा मुलगा अभिमन्यू इंदिरानगरात कंप्युटरच्या कंपनीत आहे. त्याला म्हटलं, तू तुझ्या नावावर घे. तो म्हणाला, "डोक्याला ताप आहे आई. देऊन टाकू." शेवटी, माझी हरकत नाही, एवढी सही त्यानं दिली आणि अर्ज माझ्या नावानं करायचं ठरलं.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. घरही माझ्या नावावर होतं, पण कारभार ह्यांचाच. नाव म्हणजे नुसतं नाव. कारण आमच्या घरात बायका बंदुकीला हात लावत नाहीत. पुरुषांनी पुसायची, कुंकू लावायचं. बायकांनी आरतीचं ताट घेऊन देवघराच्या उंबऱ्यावर उभं राहायचं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तिथंच उभी राहिले. हे मागं न बघता म्हणायचे, "दिवा हलतोय, जरा आडोसा धर."

मुग्धानं 'वारसा' निवडलं, मोबाईलवर आलेला आकडा टाकला आणि म्हणाली, "झालं, सबमिट."

मग मी वाट पाहू लागले. पूर्वी अर्ज दिला की पोलिस घरी यायचा. "अक्का, साहेब इद्दारा?" असं, साहेब घरात आहेत का ते कानडीत विचारत पायऱ्यांवरच बसायचा, कॉफी प्यायचा, शेजाऱ्यांना दोन प्रश्न विचारायचा आणि जायचा. म्हणून मी चकल्या करून ठेवल्या. बेल वाजली की पदर सारखा करून दार उघडायची, तर कुरिअरवाला. चकल्या अभिमन्यूनं संपवल्या. मी पुन्हा केल्या.

नवरात्र जवळ आलं तशी मुग्धाला म्हटलं, जरा त्या यंत्राला विचार. तिनं पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"आई, अर्जदाराकडे प्रलंबित, असं दिसतंय."

"अर्जदार कोण?"

"तुम्ही."

"म्हणजे इतके दिवस मी माझीच वाट पाहत होते?"

"आणि ते तुमची."

दुसऱ्या दिवशी मी आणि अभिमन्यू कचेरीत गेलो. खिडकीतला माणूस म्हणाला, "अज्जी, कागद चालत नाही, सगळं ऑनलाइन."

"ऑनलाइनच केलंय की."

"मग त्याची प्रत आणलीत?"

"प्रत म्हणजे कागदच ना?"

"तो कागद चालतो."

मी अभिमन्यूकडे पाहिलं. तो छताकडे पाहत होता. त्या माणसानं शांतपणे सांगितलं की एकच गोष्ट अडली आहे: बंदूक हाताळायचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला. पूर्वी नव्हता, आता लागतो. आणि तो ज्याच्या नावावर परवाना, त्याचाच.

गाडीत अभिमन्यू म्हणाला, "आता तरी पुरे कर. तू आयुष्यात तिला बोट लावलं नाहीस."

"तेच तर. लावू की नको, हे कोणाला विचारू?"

"बाबांना विचार," तो म्हणाला आणि लगेच ओशाळला.

मला खरंच त्यांना विचारायचं होतं. हात लावला तर घरची रीत मोडते. नाही लावला तर बंदूकच जाते, मग रीत तरी कशाची राहिली? दोन्हीकडून विचार केला आणि दोन्हीकडून गोंधळले. शेवटी मुग्धा म्हणाली, "मी सोडते तुम्हाला होसकोट्याला. तिथं एक बाई शिकवतात."

त्या बाईचं नाव कावेरी, माझ्या भाचीच्या वयाची. तिनं बंदूक पुढं केली आणि मी सवयीनं हात जोडले.

"अज्जी, नमस्कार नंतर. आधी धरा. स्वल्प वर. सरी, बरोबर."

मी धरली. वाटलं होतं त्याहून गार होती. तिला तेलाचा वास येत होता, दसऱ्याला ह्यांच्या हाताला यायचा तोच. मला वाटायचं, तो वास ह्यांचाच. नळी जमिनीकडे ठेवायची, बंदूक उघडून आत गोळी नाही हे डोळ्यांनी पाहायचं, मगच पुढचं. कावेरीनं ते इतक्यांदा करून घेतलं की खांदा भरून आला.

दाखला ऑनलाइन चढवला आणि पोलिस आलाच. पायऱ्यांवर बसला नाही, उभ्याउभ्या मोबाईलवर बंदूक ठेवायच्या कपाटाचा आणि माझा फोटो काढला. चकल्या मात्र खिशात घालून नेल्या. परवाना झाल्याचा निरोप फोनवर आला, तेव्हा घट बसले होते.

शिवाजीनगरच्या दुकानात अभिमन्यूनं दोन्ही हात पुढं केले. दुकानदारानं बंदूक मागं घेतली. "अण्णा, तुम्ही नाही. अज्जी." घरापर्यंत मी ती मांडीवर घेऊन बसले.

खंडेनवमीला लाल कापडावरची जागा भरली. अभिमन्यू धोतर नेसून सरळ देवघरात शिरला आणि बंदुकीकडे वाकला.

"अहं," मुग्धा म्हणाली. "ज्याचा परवाना त्यानंच उचलायची. आईंचा आहे."

"मग मी काय करू?"

क्षणभर आम्ही तिघं बंदुकीभोवती पाहुण्यांसारखे उभे राहिलो. मग मुग्धानं आरतीचं ताट त्याच्या हातात दिलं आणि तो उंबऱ्यावर जाऊन उभा राहिला.

मी पुढं बसले. कुंकवाची वाटी घेतली आणि अडले. "अभी, बाबा कुंकू कुठं लावायचे? दस्त्यावर का नळीवर?"

"मी त्यांच्या मागं असायचो. पाठच दिसायची."

"मलाही."

मी बंदूक उचलली. नळी खाली ठेवली, उघडून पाहिली, रिकामी होती. बंद केली. माझा अंगठा टेकला होता तिथं कुंकू लावलं. बरोबर का चूक, देव जाणे.

मागं वात फडफडल्याचा आवाज आला.

"दिवा हलतोय," मी मागं न बघता म्हटलं. "जरा आडोसा धर."