परवेज कोरियात आहे

फिजाने इअरफोनचं एक टोक स्वतःच्या कानात ठेवलं आणि दुसरं ओढणीला पुसून बड्या अब्बांच्या हातावर ठेवलं. अब्दुल गनींनी ते आधी उलटं घातलं, मग सुलटं केलं आणि भावाच्या ओट्यावर असे ताठ बसले, जणू कोणी त्यांचा फोटोच काढणार होतं.

"बोलायचं नाही बरं का," फिजा म्हणाली. "तुमी ऐकून राह्यले हे त्याले समजलं, तर निघून जाईन तो. मंग परत कवाच यायचा नाही."

गनीभाईंनी मान हलवली. बोलायचं होतंच कुठे त्यांना! पोरगा परवेज घर सोडून गेला त्याला वर्ष होत आलं होतं, आणि बायकोला, खैरुनबीला, मातीआड करून दोन महिने. एवढ्या दिवसांत त्यांनी धाकट्या भावाच्या या मुलीला एकदाही म्हटलं नव्हतं की मला त्याचा आवाज ऐकव. आज दुपारी एकटेच जेवायला बसले आणि पहिलाच घास ताटात परत ठेवला. तसेच हात धुऊन उठले आणि गल्ली ओलांडून इथे आले.

कानात आधी नुसता मोबाइलवरच्या खेळातला गोळीबार. मग कुठली कुठली पोरं एकमेकांना शिव्या देताना ऐकू आली. आणि मग तो आला. "फिजा, मांगं पाय, मांगं. घराच्या मांगं आहे तो." आवाज थोडा जाडा झाला होता. पोरगा जिवंत आहे हे गनीभाईंना ठाऊक होतंच, पण ठाऊक असणं वेगळं आणि कानाने ऐकणं वेगळं.

ठाऊक कसं झालं, तीही एक गंमतच. दिग्रसच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या मिलमध्ये, तीस वर्षं फिटरकी केलेला हा माणूस. मराठी वाचायचा, उर्दू वाचायचा, इंग्रजी मात्र फक्त मशीनच्या पाट्यांवरची. बेअरिंगच्या खोक्यांवर जे छापून येतं, तेवढंच. नोव्हेंबरात फिजा ओट्यावर बसून मोबाइलवर खेळत होती. तिच्या पडद्यावर परवेजचं नाव त्यांनी पाहिलं आणि त्याच्याखाली पाच इंग्रजी अक्षरं. ती पाच अक्षरं त्यांनी हजार खोक्यांवर वाचली होती. कोरिया. झालं! फिजा तोंड उघडायच्या आत ते घराकडे पळत सुटले, चपला ओट्याखाली तशाच टाकून. खैरुनबी अंथरुणावरून उठून बसली. पोरगं कोरियात आहे, मोठ्या कंपनीत असेल, म्हणून तर फोन करायला वेळ मिळत नाही. संध्याकाळपर्यंत साऱ्या मोहल्ल्याला कळलं होतं.

डिसेंबरात खैरुनबी गेली तेव्हा तेच कोरिया कामी आलं. लोक विचारत, पोरगा नाही आला? गनीभाई म्हणत, कसा येईल, विमानं बंद आहेत. करोनाचे दिवस, कोणालाही पटण्यासारखी गोष्ट. फिजाने खेळातच त्याला निरोप दिला होता. त्याचं उत्तर आलं नाही, नाव आठ दिवस विझलेलं राहिलं. गनीभाईंनी मनाशी म्हटलं, परक्या मुलखात एकटाच रडला असेल बिचारा. बायको गेल्याच्या दुःखात त्यांना तेवढाच एक टेकू होता, की तो आला नाही असं नाही, त्याला येता आलं नाही.

आता तो आवाज कानात होता आणि त्याच्यामागे आणखी काहीतरी वाजत होतं.

आधी त्यांना वाटलं, खेळातलंच असेल. मग पोरांची बडबड थांबली, परवेजही दोन क्षण गप्प राहिला आणि मागचं सगळं स्वच्छ ऐकू आलं. धडधड, धडधड, आणि दर फेऱ्याला एक टक्. गनीभाईंनी डोळे मिटले. पट्टा पुलीवरून फिरतो आणि त्याचा शिवलेला जोड पुलीवर येतो तेव्हा तसा टक् वाजतो. आता पट्टे ठेवलेत कोणी! सगळीकडे एकेका मशीनला वेगळी मोटर. एका लांब शाफ्टवर चामड्याचे पट्टे घालून चालणारी जुनी जिनं आसपास एकाच ठिकाणी उरली होती. उमरखेडच्या वाटेवर. जवान होते तेव्हा त्यांनी स्वतः तिथे दोन सीझन काढले होते.

त्यांनी कानातलं काढून फिजाच्या हातात दिलं.

"फिजा, कोरियात जिनिंग आहे काय गं?"

फिजाने खेळ बंद केला. मग तिने सांगितलं. सरकारने सप्टेंबरात हा खेळ बंद केला. तरी खेळायचा असेल तर पोरं मोबाइलात व्हीपीएन नावाचं एक ॲप टाकतात. ते लावलं की मोबाइल खेळाला सांगतो, मी इथे नाही, कोरियात आहे. मग खेळ सुरू होतो. तिने स्वतःचं नाव काढून दाखवलं. त्याच्याखालीही तीच पाच अक्षरं होती.

"मंग तवाच काहून नाही सांगितलं?"

"तुमी पळतच गेले," फिजा म्हणाली. "मी मांगून आली सांगाले. तं बडी अम्मी हसून राह्यली होती."

खैरुनबी किती महिन्यांनी हसली होती, ते गनीभाईंइतकं कोणाला ठाऊक असणार. आणि तो आहे तरी कुठे, त्यांनी विचारलं. मी विचारलं होतं, फिजा म्हणाली, पण विचारशील तर खेळणंच सोडीन म्हणाला.

घरी येईपर्यंत राग चढला, आणि तो असा चढला की रात्रभर उतरला नाही. उमरखेड! एसटीने गेलं तरी अर्ध्या दिवसाची वाट. आई गेली, निरोप मिळाला, आणि हा तिथे मशीनजवळ बसून राहिला? मूठभर माती द्यायला आला नाही? बापाशी भांडण होतं, आईने काय केलं होतं? ती तर शेवटच्या दिवशीही म्हणत होती, विमानं सुरू झाली का पाहा जरा. या एका वाक्याने गनीभाईंना त्या रात्री दहा वेळा उठून बसवलं.

भांडण झालं होतं हे खरं. गेल्या साली फेब्रुवारीची गोष्ट. बोंडअळीने कापूस खाल्ला होता, मिलमध्ये येणाऱ्या दहा गाड्यांतल्या सहा किडक्या, निम्मी मशीनं झाकून ठेवलेली. परवेज बापाच्या हाताखाली कामाला होता. बेअरिंगवर लक्ष ठेव म्हणून त्याला बसवलं, तर हा मोबाइलवर खेळत बसला. बेअरिंग तापलं, रुईने पेट घेतला. आग लवकर विझली, कोणाला काही झालं नाही. पण गनीभाईंची तीस वर्षांची इभ्रत त्या धुरात गेली. घरी आल्यावर त्यांनी पोराला मारलं. वीस वर्षांच्या पोराला, आईसमोर, चपलेने. एवढं त्यांना आठवत होतं. काय काय बोललो, ते आठवत नव्हतं. रागात माणूस बोलतो ते कोण लक्षात ठेवतो?

सकाळची पहिली गाडी धरून ते पुसदला उतरले आणि तिथून उमरखेडच्या गाडीत बसले. दोन्ही बाजूंना कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या उभ्या होत्या, कोणी उपटायचीही तसदी घेतली नव्हती. तोंडावर रुमाल बांधून ते सारी वाट एकच गोष्ट ठरवत होते. काही विचारायचं नाही. समोर उभं राहायचं, दोन कानाखाली द्यायच्या आणि परत फिरायचं. बस्स.

मिलच्या फाटकात बाजेवर एक म्हातारा मुकादम बसला होता. नाव पूनमसिंग. गनीभाईंनी सलाम केला आणि काय सांगावं ते न सुचून सांगितलं की दिग्रसकडून आलोय, तिकडच्या एका मिलला फिटर हवा आहे, इथे एक चांगला पोरगा आहे असं ऐकलं.

पूनमसिंगने आधी बाजेवर जागा दिली, मग साफ नाही म्हटलं. परवेज होय ना? त्याले नाही सोडत आमी. असला पोरगा पाहिला नाही म्हणाला. दर घंट्याला उठून एकेका बेअरिंगवर तळहात ठेवून पाहतो. मोबाइल खेळतो, पण जेवणाच्या सुट्टीत, तेवढा अर्धा घंटा, आणि तोही तिथेच मशीनजवळ बसून. मी म्हटलं, बाहीर सावलीत जाऊन खेळ ना बापा, तर म्हणते, इथून हलत नाही मी.

गनीभाई ऐकत होते. हे ऐकायला आले नव्हते ते.

"घरचे कोण आहे त्याले?" त्यांनी विचारलं. स्वतःचा आवाज त्यांना दुसऱ्याच कोणाचा वाटला.

"माय होती. मेली दिवाळीनंतर." पूनमसिंगने पाण्याचा लोटा पुढे केला. "माहीच फटफटी घेऊन गेलता तो दिग्रसले. सकाळी गेला, अंधार पडल्यावर आला. चिखलानं हात भरले होते. मी म्हटलं, दोन दिवस राहाचं ना, घरचे लोक असतीन. तवा सांगे, कबरस्तानच्या भिंतीमांगंच उभा होतो म्हणे. सारे लोक गेले, बाप गेला, मंग आत जाऊन मिट्टी देली."

"भिंतीमांगं काहून?"

"बापानं म्हटलं होतं ना त्याले." पूनमसिंग सहज बोलून गेला, रोजच्या एखाद्या गोष्टीसारखं. "या घरात कोणी मेलं तरी येऊ नको. मिट्टी द्यालेबी येऊ नको."

गनीभाईंनी लोटा तोंडाशी नेला होता, तो तिथेच राहिला. आठवलं. अगदी दारात उभं राहून म्हटलं होतं, सारी गल्ली ऐकेल असं. त्यांना तेव्हा स्वतःचं मरण म्हणायचं होतं. मी मेलो तरी येऊ नको, एवढंच. रागाच्या भरात 'या घरात' म्हणून गेले, आणि त्या घरात खैरुनबीही होती हे सुचलंच नाही. बाप तिथे होता तोवर पोराने त्याचा शब्द पाळला होता. त्या दिवशी करोनामुळे मोजून वीस माणसं होती, आणि माती देऊन घरी परतताना पोटच्या पोराचा खांदा तिला मिळाला नाही म्हणून ते मनातल्या मनात रडले होते. भिंतीपलीकडे तो उभा होता तेव्हा. दहा पावलं. फार तर पंधरा.

रात्रभर जपून आणलेला राग आता कोणाच्या पदरात टाकावा तेच कळेना. टाकायला एकच जागा उरली होती, ते स्वतः, आणि ती फार जुनी, फार थकलेली होती.

पूनमसिंगने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "तुमी त्याचे कोण होय, भाऊ? बोलावू काय त्याले?"

"नोको," गनीभाई म्हणाले. "मीच जातो आत. जिनिंगचाच माणूस आहो मी."

रुईचे कण उडत असतात म्हणून जिनाच्या हॉलमध्ये सगळेच तोंड बांधून असतात. गनीभाईंनी रुमाल डोळ्यांखालपर्यंत ओढला. बरंच झालं, एवढाच विचार त्यांच्या मनात आला. निम्मी मशीनं इथेही थांबलेली होती. चालू मशीनांच्या धडधडीत शेवटच्या बंद मशीनवर एक जण वाकलेला दिसला. तोंडाला निळा दुपट्टा, हातात पाना. पाठ पाहूनच त्यांनी ओळखलं. पोरगा वाळला होता. खांद्याची हाडं सदऱ्यातून दिसत होती.

तो मशीनची लांब पोलादी पट्टी बसवत होता. हे एकट्याचं काम नव्हे. एकाने पट्टी रोलरला दाबून धरायची आणि दुसऱ्याने बोल्ट आवळायचे. धरणारा जेवायला गेला असावा. परवेज एका हाताने पट्टी सांभाळत होता, दुसऱ्या हाताने पाना लावत होता, आणि पट्टी पुन्हा पुन्हा सरकत होती. गनीभाई पुढे झाले आणि त्यांनी दुसरं टोक धरलं.

"हां चाचा, जरा दाबून," परवेज मान वर न करता म्हणाला. "बस, तसंच राहू द्या."

पहिला बोल्ट बसला. दुसरा बसला. तिसऱ्यासाठी तो या बाजूला सरकला आणि पाना लावताना त्याची नजर पट्टीवरच्या हातावर गेली. डावा हात. मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं, दोन्हींची वरची पेरं नव्हती. पंचवीस वर्षांपूर्वी अशाच एका मशीनने ती नेली होती. लहानपणी याच आखूड बोटांना धरून परवेज मदरशात जायचा, दुसरी बोटं दिली तर सोडून द्यायचा.

पाना बोल्टवर तसाच थांबला. परवेजने वर पाहिलं नाही. दुपट्ट्यावरचे त्याचे डोळे त्या हाताकडेच लागले होते. पाठीमागे पट्ट्याचा जोड टक् टक् वाजत राहिला. गनीभाईंना बोलायचं होतं. मी चुकलो म्हणायचं होतं, तुझी आई तुझी वाट पाहत होती म्हणायचं होतं, त्या दिवशी भिंतीकडे एकदा वळून पाहायला हवं होतं म्हणायचं होतं. पण तिसरा बोल्ट अजून बसायचा होता, आणि पट्टी जरा जरी सरकली असती तर पहिले दोन्ही बोल्ट पुन्हा सोडावे लागले असते.

"आवळ बेटा," गनीभाई म्हणाले. "धरून आहो मी."