हार गळ्यात, तेल पोटात

मी एक जुना मेम्ब्रेन, म्हणजे हवेतून नायट्रोजन वेगळा काढणारं यंत्र आहे. भोपाळच्या एका सरकारी कारखान्यात, ट्रान्सफॉर्मरच्या शेडमध्ये उभा असतो. वरून साधं नळकांडं. पोटात केसासारख्या हजारो पोकळ धाग्यांचा जुडगा. पहिल्याच दिवशी फोरमन मनोहरराव आत डोकावून म्हणाले, "ह्या काय सेवया? खीर करायची का?" सगळी शेड हसली. तेच माझं नाव पडलं.

हसोत बापडे. मित्रांनो, कोणी मला सेवया म्हणतं, कोणी चाळणी समजतं; त्यांच्यावर काय रागवायचं? चाळणी लहान-मोठं पाहते, मी स्वभाव पाहतो. दाबलेली हवा धाग्यांतून निघाली, की ऑक्सिजन आणि वाफ धाग्याच्या भिंतीत विरघळून चटकन बाहेर पडतात. नायट्रोजन रेंगाळतो आणि कोरडा होऊन शेवटच्या टोकाला पोचतो. ट्रान्सफॉर्मरमध्ये दमट हवा शिरू नये म्हणून तोच भरतात.

मला पथ्य एकच: हवा दाबून देणाऱ्या कॉम्प्रेसरचं तेल नको. त्यासाठी माझ्याआधी फिल्टर बसवलेला, दर सहा महिन्यांनी बदलायचा. मनोहरराव कॉलनीतल्या कीर्तनात झांजा वाजवतात. बुवा मनाचा मळ धुवा म्हणाले, की पहिली मान यांची डोलते, असं ते स्वतःच सांगत. फिल्टरचा मळ मात्र दोन वर्षं तसाच! मुखी हरिनाम गोडच. पण देवाने हात कशाला दिलेत?

विश्वकर्मा पूजेला मात्र कोण थाट! मला झेंडूचा हार, कुंकू, नारळ. आणि धुपाटणं ठेवलं ते नेमकं कॉम्प्रेसर हवा ओढतो त्या तोंडाशी. आधीच तुंबलेला फिल्टर धुराच्या काजळीने पार कोंदला, दाबाने फाटला आणि कॉम्प्रेसरचं तेल माझ्या धाग्यांत उतरलं.

आठवड्यात नायट्रोजनची शुद्धता घसरली.

"सेवया सड गयी. भंगारात टाका," मनोहररावांनी निकाल दिला.

टेक्निशियन अलकाताईंनी आधी फिल्टर उघडला. आतला काळा चिखल मनोहररावांपुढे धरून म्हणाल्या, "साहेब, भंगार हे आहे. घ्या प्रसाद!"

शेड पुन्हा हसली. या खेपेस माझ्यावर नाही.

ताईंनी नवा फिल्टर बसवला, धाग्यांना सावकाश काम करता यावं म्हणून हवा निम्मीच सोडली, तेव्हा कुठे शुद्धता परत आली. मी वाचलो, पण निम्म्या कामाचा उरलो.

मित्रांनो, ज्याच्या जिवावर काम चालतं, त्याला हार घालण्याआधी त्याचा मळ काढा.

पुढच्या पूजेला मनोहररावांच्या ताटात नारळाशेजारी नवा फिल्टर होता. "आधी हे, मग आरती," ते पुटपुटले. जुना फिल्टर त्यांनी स्वतः उपसला आणि त्याच बरबटलेल्या बोटाने मला कुंकू लावलं. टिळा काळाच उमटला.

इतक्या वर्षांत मला पोचलेली पूजा ती एकच.